हलकी सायकल

मराठीत ‘हलकं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे वजनाने कमी, आणि दुसरा म्हणजे दर्जाने कमी. ‘बॅग हलकी आहे’ असं कुणी म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. पण ‘हे कापड हलकं आहे’ असं म्हटलं की दुकानदाराला राग येतो. ‘भारी’चंही तसंच. भारी म्हणजे जड, आणि भारी म्हणजे उत्तम, महागसुद्धा. रेसिंग सायकलच्या बाबतीत तर या दोन शब्दांची गंमतच होते. सायकल जितकी हलकी, तितकी ती भारी!

माझी सायकल ॲल्युमिनियमची आहे. ती वजनाने बरीच हलकी आहे आणि किमतीने भारी नाही. अशा सायकलला मराठीत काय म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पण गेल्या तीन वर्षांत तिने मला जे शिकवलं, ते तुम्हाला सांगते.

१. अर्धी सायकल, पूर्ण पैसे

मी पिट्सबर्गमध्ये जन्मले आणि इथेच वाढले. कॉलेज संपवून पहिली नोकरी लागली, तेव्हा मी एक जुनी रोड बाइक विकत घेतली. गाव सोडून चाललेल्या एका विद्यार्थ्याने ती ४५० डॉलरला दिली. कॅनोंडेल कंपनीची ‘कॅड ८’ नावाची सायकल. फ्रेम ॲल्युमिनियमची, पुढचा चिमटा कार्बनचा, मागे नऊ गिअर.

बाबांनी ती एका हाताने उचलली आणि म्हणाले, “अगं, हिला कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटी नाही. अर्धीच सायकल दिली की त्याने! पैसे मात्र पूर्ण घेतले.”

बाबांचं बालपण पुण्यात, सदाशिव पेठेत गेलं. तेव्हा सायकल तासावर भाड्याने मिळायची. शाळा, भाजी, सिनेमा, सगळं सायकलवर, आणि मित्र बरोबर असला तर डबलसीट. पंक्चर काढणं, चेन बसवणं, चाकाचा आउट काढणं हे त्यांना येतं. ‘आउट काढणं’ म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करणं. हा शब्द मला कुठल्याही पुस्तकात सापडला नाही. तो गॅरेजमध्ये, हाताला काळं ग्रीस लागलेलं असताना मिळाला. चिमटा, आरे, पान्हा, ब्रेकचे रबर हे शब्दही मी तिथेच शिकले.

२. पातेल्याचा धातू

आजीच्या स्वयंपाकघरात हिंडालियमची पातेली होती. आपला प्रेशर कुकरही बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचाच असतो. त्यामुळे हा धातू आपल्याला अगदी साधा वाटतो. पण एके काळी तो चांदीच्या भावाने विकला जायचा! वॉशिंग्टन डीसीमधल्या उंच स्मारकाच्या टोकावर १८८४ मध्ये १०० औंसांचा ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला. तेव्हा ती चैन होती.

दोनच वर्षांनी सगळं बदललं. ओहायोमधल्या ओबर्लिन गावात चार्ल्स मार्टिन हॉल नावाचा २२ वर्षांचा तरुण घरामागच्या लाकडाच्या खोपटात प्रयोग करत होता. त्याची बहीण जूलिया त्याला मदत करायची. त्याने वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिनियमचं ऑक्साइड विरघळवलं, त्यातून वीज सोडली, आणि शुद्ध धातू वेगळा केला. ही गोष्ट फेब्रुवारी १८८६ ची. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यानेही स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली. हॉलचा कारखाना १८८८ मध्ये सुरू झाला, तो आमच्या पिट्सबर्गमध्ये! तीच पुढे ‘अल्कोआ’ कंपनी झाली. तिची पूर्वीची ३० मजली इमारत आजही शहराच्या मध्यभागी उभी आहे. तिच्या भिंतीसुद्धा बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या आहेत. ऑफिसला जाताना मी रोज तिच्यासमोरून जाते.

आता प्रश्न असा, की पातेल्याच्या धातूची सायकल कशी होते? ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं. पण ते वाकतंही तितक्याच सहज. म्हणून पोलादी सायकलसारख्या बारीक नळ्या वापरल्या तर फ्रेम लवचिक होते. त्यावर उपाय आहे. नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी तीच ठेवली, तर वजन दुप्पट होतं, पण नळी वाकायला साधारण आठपट जोर लागतो. म्हणून ॲल्युमिनियमच्या सायकलच्या नळ्या जाड दिसतात. आतून त्या पोकळ आणि पातळ असतात.

अशा जाड नळ्यांच्या सायकली अमेरिकेत लोकप्रिय करण्यात कॅनोंडेलचा मोठा वाटा आहे. कंपनी १९७१ मध्ये कनेटिकट राज्यात सुरू झाली, आणि तिची पहिली सायकल १९८३ मध्ये आली. तिच्या फ्रेम कित्येक वर्षं पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्ड गावात तयार होत. ते गाव आमच्यापासून सुमारे १०० मैलांवर आहे. पुढे युरोपातले मोठे रेसरही ॲल्युमिनियमवर बसू लागले. १९९८ मध्ये मार्को पांतानी याने ‘टूर द फ्रान्स’ जिंकली, ती ॲल्युमिनियमच्या सायकलवर. त्यानंतर काही वर्षांतच शर्यतींमध्ये कार्बनचं राज्य आलं, आणि ॲल्युमिनियम ‘स्वस्तातली सायकल’ झालं. धातू तोच होता. फक्त लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं.

३. आधी काय बदलायचं?

सायकल सुधारायची म्हटलं की सगळे आधी महागडी चाकं बघतात. चमकतात ना! बाबांचा सल्ला वेगळा होता. ते म्हणाले, “सायकल जिथे रस्त्याला टेकते आणि जिथे तुला टेकते, तिथे आधी बघ.” मी तोच क्रम धरला.

पहिली सुधारणा फुकट होती: सीटची उंची. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग पायाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघा थोडासा वाकलेला राहतो. सीट दीड इंच वर केली आणि माझे गुडघे दुखायचे थांबले.

दुसरी सुधारणा टायर. जुने टायर २३ मिलिमीटरचे आणि दगडासारखे कडक होते. मी २५ मिलिमीटरचे मऊ, चांगल्या विणीचे टायर घातले आणि हवा थोडी कमी भरली. पिट्सबर्गच्या रस्त्यांवर खड्डे, जुन्या विटा आणि ट्रॉलीचे रूळ आहेत. पूर्वी घरी आल्यावर तळहातांना मुंग्या यायच्या. त्या गेल्या. लोक म्हणतात, ॲल्युमिनियमची फ्रेम फार हादरे देते. माझा अनुभव असा, की फ्रेमला दोष देण्याआधी टायर बघावेत.

तिसरी सुधारणा ब्रेकचे रबर. आमच्या गावात जितके चढ, तितकेच उतार, आणि पाऊसही भरपूर. ओल्या उतारावर सायकल वेळेत थांबली पाहिजे. यात काटकसर करायची नाही.

त्यानंतर नवी सीट, हँडलला नवी टेप आणि ब्रेक-गिअरच्या नव्या केबल. सगळ्यात शेवटी गिअर. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २८ दात होते. मी ३२ दातांचं घेतलं. पण मागच्या डिरेलरचा हात आखूड होता. त्याला ३२ दात झेपत नव्हते. म्हणून लांब हाताचा डिरेलर आणि नवी चेनही घ्यावी लागली. फरक किती? पुढे ३४ दात आहेत. पूर्वी पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २ मीटर ५५ सेंटिमीटर पुढे जायची, आता २ मीटर २३ सेंटिमीटर जाते. म्हणजे प्रत्येक फेरीत थोडं कमी अंतर, पण थोडा कमी जोर. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. चढावर मात्र देव आठवतो, तो जरा उशिरा आठवतो!

टायर आणि ट्यूब १००, ब्रेकचे रबर ३०, सीट ६०, टेप २०, केबल २५, गिअरचं सामान १३० डॉलर. एकूण ३६५. सायकल धरून ८१५ डॉलर, तेही दोन वर्षांत, जमेल तसे. काम सगळं आम्ही दोघांनी गॅरेजमध्येच केलं.

४. एक बारीक रेघ

गेल्या मार्चमध्ये संध्याकाळी घरी येत होते. पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही आणि मागचं चाक त्यात जोरात आदळलं. मी पडले नाही. चाकाचा आउट बाबांनी काढला. पण सायकल पुसताना मला पॅडलच्या जवळ, जिथे दोन नळ्या जोडल्या आहेत तिथे, एक केसासारखी बारीक रेघ दिसली.

बाबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, “आता हिच्यावर बसायचं नाही.”

कारण असं आहे. पोलादावर एका मर्यादेपेक्षा कमी ताण येत राहिला, तर ते जवळजवळ कायम टिकू शकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नसते. छोटे छोटे ताणही त्यात साठत जातात. चांगली फ्रेम अनेक वर्षं टिकते, पण एकदा तडा गेला की तो वाढतो, आणि कधी कधी तुटेपर्यंत फारशी सूचनाही देत नाही. अशी फ्रेम नुसती वेल्डिंग करून चालत नाही. उष्णतेने त्या जागेची ताकद कमी होते. फ्रेम बनवताना कारखान्यात वेल्डिंगनंतर ती पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून मजबूत केलेली असते. ते घरी करता येत नाही.

म्हणजे ती रेघ तडा असेल, तर दोन वर्षांची मेहनत संपली. आणि ती तडा नाही असं धरून मी उतारावर ताशी ३५ मैलांनी निघाले, तर काय होईल हे मला बोलायचंही नव्हतं.

चार दिवस मी बसने गेले. शनिवारी आम्ही सायकल एका मेकॅनिककडे नेली. त्याने ती जागा स्वच्छ केली, भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, “इथला रंग खरवडू का?” मी हो म्हटलं. त्याने बारीक पॉलिश पेपरने रंग काढला. खाली चकचकीत धातू होता. रेघ नव्हती. फक्त रंगाला चीर गेली होती.

बाबा मोठ्याने हसले. मला मात्र रडू आलं. ४५० डॉलरची सायकल, आणि केवढा जीव अडकला होता!

निघताना मेकॅनिकने सांगितलं, “दर महिन्याला सायकल पूस, आणि पुसताना नळ्यांचे जोड बघ. कधी ना कधी हिचंही वय होणार.” तेव्हापासून मी एक नियम केला आहे. मी जे विकत घेते, ते शक्यतो पुढच्या सायकलला लावता यावं. टायर, सीट, पॅडल हे सगळं काढून नेता येतं. फ्रेम आज आहे, उद्या नसेल.

५. चढ किंमत बघत नाही

या उन्हाळ्यात मी रविवारी एका ग्रुपबरोबर जाऊ लागले. कधी नदीकाठाने, कधी पेन हिल्सच्या श्री वेंकटेश्वर मंदिरापर्यंत. तिथल्या चढाने अर्धं पुण्य आधीच मिळतं. ग्रुपमध्ये बऱ्याच जणांच्या सायकली कार्बनच्या आहेत. एका मैत्रिणीने मला तिची चालवायला दिली. खोटं कशाला बोलू, फार सुंदर होती! घरी येऊन मी किंमत पाहिली: ३,२०० डॉलर. बँकेत तेवढे पैसे होते. दोन रात्री मी नुसता हिशोब करत होते.

माझी सायकल साडेवीस पौंडांची, ती साडेसतरा पौंडांची. फरक तीन पौंड. पण चढावर फक्त सायकल चढत नाही, मीही चढते! मी, सायकल आणि सामान मिळून साधारण १४४ पौंड होतात. त्यातले तीन पौंड म्हणजे दोन टक्के. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्यांचंही वजन जवळजवळ तेवढंच असतं. शर्यतीत पहिल्या आणि दुसऱ्या नंबरामध्ये दोन टक्के खूप असतात. माझ्यात आणि टेकडीच्या माथ्यामध्ये मात्र दोन टक्क्यांपेक्षा बरंच काही होतं.

आमच्या शहरात दरवर्षी ‘डर्टी डझन’ नावाची शर्यत असते. नावात डझन असलं तरी टेकड्या १३ आहेत! पिट्सबर्गच्या डॅनी च्यू यांनी आपला भाऊ आणि एका मित्राबरोबर १९८३ मध्ये ती सुरू केली. चढताना पाय खाली टेकला, तर तळाशी जाऊन पुन्हा चढायचं, असा तिचा नियम आहे. याच च्यू यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही देश ओलांडणारी सायकल शर्यत १९९६ आणि १९९९ मध्ये जिंकली. २०१६ मध्ये अपघात होऊन त्यांचे पाय निकामी झाले. तरी त्यांनी हाताने चालवायच्या सायकलवर मैल मोजणं सुरू ठेवलं.

‘रेस अक्रॉस अमेरिका’ म्हटलं की बाबा खुर्चीत सरळ होऊन बसतात. अनेक वर्षं ती कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अनॅपोलिसपर्यंत असायची, सुमारे ३,००० मैल. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर भाऊ हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पूर्ण केली. मी बाबांना म्हटलं, “त्यांच्या सायकली माझ्यापेक्षा भारी असणार.” बाबा म्हणाले, “असतील की. पण पाय दुकानात मिळत नाहीत.”

त्या १३ टेकड्यांपैकी सगळ्यात अवघड म्हणजे बीचव्ह्यू भागातली कँटन अव्हेन्यू. तिचा चढ ३७ टक्के मानतात. म्हणजे १०० फूट पुढे जाताना ३७ फूट वर! त्यातला बराच भाग दगडी आहे. उभं राहून पॅडल मारलं तर मागचं चाक घसरतं. बसून मारलं तर पुढचं चाक उचललं जातं. मधेच कुठेतरी अंग तोलून धरायचं असतं.

वसंतात, २८ दातांवर, मी निम्म्यावर थांबले होते. ऑक्टोबरमध्ये एका कोरड्या सकाळी पुन्हा गेले. पहिल्यांदा पुढचं चाक उचललं गेलं आणि पाय टेकला. दुसऱ्यांदा मागचं चाक घसरलं. तिसऱ्यांदा मी हँडलवर वाकले, श्वास मोजला आणि एकेक दगड मागे टाकत गेले. माथा दहा-बारा फुटांवर असताना पाय थांबले. सायकलचं काही अडलं नव्हतं. गिअर बरोबर होता, टायर धरून होते. पाय संपले होते, एवढंच. माझ्या शेजारी कार्बनच्या सायकलवरचा एक माणूसही पाय टेकून धापा टाकत उभा होता. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

त्या संध्याकाळी मी कार्बनच्या सायकलचं पान बंद केलं. ३,२०० डॉलर त्या दहा फुटांसाठी नव्हते. ती दहा फुटं पायांनीच चढायची आहेत.

६. तुम्हाला अशी सायकल घ्यायची असेल तर

आधी मापाची फ्रेम बघा, मग रंग. जुनी सायकल घेत असाल तर नळ्यांचे सगळे जोड नीट बघा, आणि शंका आली तर घेऊ नका. पैसे टायर आणि ब्रेकपासून खर्च करायला सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने काय फरक पडला ते कळेल. आणि शक्य असेल तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. त्यांना डिरेलर माहीत नसेल, पण चेन कशी बसवायची हे नक्की माहीत असतं. त्या निमित्ताने त्यांच्या लहानपणीच्या गोष्टीही बाहेर येतात.

आता हिवाळा आला आहे. सायकल तळघरात स्टँडवर आहे. काल बाबांनी तिला एक पितळी घंटी आणून लावली. वजन वाढलं. मी काढली नाही.

नवे शब्द

दर्जा – एखादी गोष्ट किती चांगली आहे ते
चैन – गरज नसताना केलेला खर्च
व्यास – गोल वस्तूची मधोमध मोजलेली रुंदी
झेपणे – करायला किंवा सोसायला जमणे
तडा – कडक वस्तूला गेलेली भेग
धापा टाकणे – दमल्यावर जोरजोरात श्वास घेणे

वाचा, विचार करा, सांगा

१. ‘हलकं’ आणि ‘भारी’ हे शब्द दोन्ही अर्थांनी वापरून चार वाक्यं लिहा.
२. ॲल्युमिनियमच्या सायकलच्या नळ्या जाड का असतात? तुमच्या शब्दांत सांगा.
३. फ्रेमवर रेघ दिसल्यावर लेखिकेने सायकल चालवणं का थांबवलं?
४. “पाय दुकानात मिळत नाहीत” या वाक्यातून बाबांना काय सांगायचं आहे?
५. तुमच्या आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना त्यांच्या पहिल्या सायकलबद्दल विचारा. सायकलच्या भागांची त्यांनी सांगितलेली पाच मराठी नावं लिहून आणा.